वूदांग की छिंगचंग?

चीनमध्ये ताओ या तिथल्या जुन्या धर्मपंथाचा एकच पवित्र डोंगर बघायला वेळ आहे, वूदांग की छिंगचंग, कुठला निवडू, असं भाच्याने विचारलं. जाहिरातीत दोन्ही 'स्वर्गीय', म्हणून ते सोडूनच देऊ.

वय बघायचं तर छिंगचंग पुढे. सिचुआन प्रांतातल्या या डोंगरावर इ.स. 143 मध्ये ताओ गुरू झांग दाओलिंग आला आणि ताओ पंथाची घडी इथे बसली, असं मानतात. देवळं मात्र बरीचशी छिंग राजघराण्याच्या काळातली (1644 ते 1912), आणि 2008 च्या भूकंपाने त्यांनाही हादरवलं.

हूबेई प्रांतातल्या वूदांगची गोष्ट राजकारणाची. पुतण्याची गादी बळकावलेल्या मिंग घराण्यातल्या योंगल सम्राटाला देवाचा कौल दाखवायचा होता. 1412 पासून त्याने इथे देवळांचा सपाटाच लावला. 1416 चं सुवर्णमंदिर 1612 मीटरवरच्या शिखरावर आहे. लाकडी वाटतं, पण कौलापासून खांबापर्यंत सगळं सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं. सुटे भाग बीजिंगमध्ये ओतून जलमार्गाने आणले! एवढ्यासाठी पायऱ्यांनी गुडघे बोलले तरी चालतील.

खर्च, दगदग? छिंगचंग सिचुआनची राजधानी चंग्दूहून रेल्वेने एका दिवसात होतं. वूदांगला मुक्काम हवाच.

पंथाचं मूळ आणि गर्द सावली हवी तर छिंगचंग. राजाश्रयाचा थाट बघायचा असेल तर वूदांग. भाच्याला मी वूदांगच सांगितलं.