अभिप्रायासाठी घ्यावा असा पात्ररेखाटनाचा अभ्यासक्रम

नवशिक्यांना पात्ररेखाटन, म्हणजे पात्रांची चित्रे काढणे, शिकवणारा १२ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला दोन व्हिडिओ पाठ, एक गृहपाठ आणि त्या गृहपाठावर शिक्षकाचा लेखी अभिप्राय अशी त्याची रचना आहे. या धर्तीचे अनेक अभ्यासक्रम आज उपलब्ध असल्यामुळे नावापेक्षा शिकवण्याची पद्धत तपासणे अधिक उपयोगाचे आहे, असे समजून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: यातील पाठ चांगले आहेत, समोर ठेवून काढायच्या संदर्भचित्रांचा संग्रह सदोष आहे आणि अभिप्रायाची व्यवस्था इतकी विचारपूर्वक उभारलेली आहे की केवळ तिच्यासाठी हा अभ्यासक्रम घ्यावा.

प्रवेश घेतला तेव्हा मी चेहरे आठवणीने काढत असे. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा अलीकडच्या डोळ्याइतकाच रुंद निघे, कान कुठेतरी गालावर येई, आणि रेखाटन डळमळीत आहे हे जाणवले की मी कडेकडेने पेन्सिल घासून ती बोटाने पसरवत असे. पहिला गृहपाठ मी अशाच शेडिंगने भरून पाठवला. त्यावर शिक्षकांनी शेडिंगबद्दल एक शब्दही लिहिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, की हे चित्र काढताना आपल्यासमोर काय होते. समोर काहीच नव्हते. दुसऱ्या आठवड्यापासून गृहपाठासोबत संदर्भचित्र जोडणे सक्तीचे असते आणि ते नसेल तर गृहपाठ स्वीकारला जात नाही. ही सक्ती सुरुवातीला जाचक वाटते, परंतु तिच्यामुळेच पुढचे सारे शिक्षण शक्य होते, कारण मूळ समोर असल्याखेरीज चूक नेमकी कुठे झाली हे शिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रमाणांचे पाठ मला विशेष आवडले. उभ्या प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी असते, आदर्श किंवा वीरपात्रांसाठी ती आठ डोकी धरतात, डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येते, दोन डोळ्यांमध्ये अंदाजे एका डोळ्याचे अंतर असते, हात सरळ सोडला तर मनगट जांघेच्या पातळीला येते, हे सर्व येथे शिकवले जाते. मात्र ते पाठ करण्याचे नियम म्हणून नव्हे, तर काढून झालेले चित्र पडताळण्याची मापे म्हणून मांडले आहे, आणि या भेदावर शिक्षक पुन्हा पुन्हा बोट ठेवतात. नवजात बाळ जेमतेम चार डोक्यांचे असते, हे सांगून लगेच मोठ्या माणसाची आकृती लहान करून काढलेले मूल शेजारी दाखवले आहे. ते मूल न दिसता बुटका प्रौढ दिसतो, आणि ही चूक एकदा पाहिली की विसरता येत नाही.

उभे राहण्याच्या ढबीवरचा पाठही तितकाच सरस आहे. माणूस उजव्या पायावर भार देऊन उभा राहिला की उजवा नितंब वर जातो, तोल सांभाळण्यासाठी उजवा खांदा खाली येतो आणि कणा त्या दोहोंमध्ये वळण घेतो. हे समजल्यानंतर ३० सेकंदांच्या झटपट रेखाटनांना अर्थ येतो. त्याआधी मी ती केवळ हात मोकळा करण्यासाठी काढत होते.

संदर्भ पाहून काढणे म्हणजे लबाडी, असा समज नवशिक्यांत घट्ट रुजलेला असतो आणि माझाही तो होता. १८८० च्या सुमारास चित्रकार होण्याचे ठरवल्यावर व्हिन्सेंट व्हॅन गॉगने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या अभ्यासपत्रांच्या नकला करून हात बसवला होता, हे आठवले की तो समज गळून पडतो. मात्र नक्कल आणि अभ्यास यांत फरक आहे, तो अभ्यासक्रमात चांगला दाखवला आहे. एकाच छायाचित्रावरून तीन चित्रे काढायची असतात: पहिल्यात केवळ बाह्याकार, दुसऱ्यात ठोकळे आणि नळकांडी यांच्या रूपात शरीर, आणि तिसऱ्यात तोच देह किंचित वेगळ्या कोनातून. तिसरे चित्र मूळ छायाचित्र समजल्याशिवाय काढताच येत नाही.

छायाचित्रावर कितपत विश्वास ठेवावा, याचाही एक छोटा पाठ आहे. अगदी जवळून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि कान मागे सरकलेले दिसतात. असा फोटो चेहऱ्याच्या प्रमाणांसाठी घेतला तर पात्राचा चेहराही तसाच फुगतो.

शेडिंगचा भाग पाचव्या आठवड्यात सुरू होतो. तो आणखी लवकर हवा होता, असे मला प्रारंभी वाटे. आता तो योग्य जागी आहे असे वाटते. पहिल्या पाठात पेन्सिल उचलण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून उजेड कुठून येतो हे लिहायला लावतात. मग गोल, अंडाकृती आणि नळकांडे या तीनच आकारांवर दोन आठवडे जातात. उजळ भाग, मधली छटा, उजेड संपतो त्या वळणावरची गडद पट्टी, सावलीच्या आत परतून आलेला मंद उजेड आणि वस्तूने बाहेर टाकलेली पडछाया, हे भाग वेगवेगळे ओळखायला शिकल्यावर माझ्या जुन्या चित्रांतील दोष मला स्वतःला दिसू लागले. परतून आलेला उजेड मी नेहमी फार उजळ ठेवत असे, त्यामुळे गालाची सावलीकडची बाजू पोकळ पत्र्यासारखी चमके. तो उजेड सावलीचाच भाग आहे आणि उजेडातील सर्वांत गडद छटेहूनही तो गडदच राहिला पाहिजे, हे एक वाक्य मला बारा आठवड्यांतील सर्वांत मोलाचे वाटते. पडछायेची कड वस्तूजवळ तीक्ष्ण असते आणि दूर जाताना मऊ होते, हे कळल्यावर हनुवटीखालची सावली बोटाने सरसकट पसरवण्याची सवय आपोआप सुटली.

यानंतर हेच ज्ञान चेहऱ्यावर आणले जाते. वरून उजेड असेल तर वरचा ओठ खाली झुकलेला असल्यामुळे गडद आणि खालचा ओठ उजळ दिसतो, डोळ्यांच्या खोबणी सावलीत जातात, नाकाचा तळ काळवंडतो. डोळे किलकिले करून पाहावे, सारे चित्र आधी केवळ तीन छटांत मांडावे आणि त्या तिघींत पात्र ओळखू आले तरच पुढे जावे, ही शिस्त अवघड आहे. मी ती दोनदा मोडली आणि दोन्ही चित्रे फसली. एचबी, २बी आणि ४बी या तीन पेन्सिली आणि मळता येणारा रबर यांखेरीज काहीही लागत नाही, हेही येथे सांगायला हवे.

आता संग्रहातील दोष. अभ्यासक्रमासोबत मिळणाऱ्या बहुतेक छायाचित्रांत दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ उजेड टाकलेला आहे. ती देखणी आहेत, पण ज्या पाठात एका दिव्याच्या उजेडातील सावली शिकवली जाते, त्याच पाठाच्या सरावासाठी सावलीच नसलेले चेहरे देणे ही गंभीर उणीव आहे. शिवाय त्यांतील माणसे जवळजवळ सारी तरुण आणि सडपातळ आहेत. वृद्ध, स्थूल किंवा लहान पात्र काढायचे झाल्यास संदर्भ बाहेर शोधावा लागतो. मी अखेर अंधाऱ्या खोलीत एकच दिवा बाजूला ठेवून आरशात स्वतःचा चेहरा आणि डावा हात काढला. सावलीबद्दल त्या आठवड्यात मी जे शिकले, ते संग्रहातील चित्रांवरून शिकता आले नसते. आणखी एक अडचण अशी की ढब एका छायाचित्रातून, पोशाख दुसऱ्यातून आणि चेहरा तिसऱ्यातून घेतला की तिन्हींचा उजेड वेगवेगळ्या दिशांनी येतो. नवशिका येथे हमखास फसतो, तरीही या विषयाला स्वतंत्र पाठ नाही. मला तो मुद्दा अभिप्रायातूनच कळला.

त्या अभिप्रायाबद्दल सविस्तर लिहायला हवे. गृहपाठ पाठवताना तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात: कोणते संदर्भ वापरले, पात्राबद्दल काय दाखवायचे होते आणि चित्रात कोणती जागा खटकते. तिसऱ्या प्रश्नाला मी पहिल्यांदा ‘काहीतरी चुकते आहे’ असे उत्तर दिले, तेव्हा ते परत आले आणि चित्र आरशात उलटे पाहून पुन्हा लिहा, असे सुचवले गेले. उलट्या चित्रात एक डोळा खाली उतरलेला मला तत्काळ दिसला. अभिप्रायात एका वेळी दोनच दोष दाखवतात, मोठा आधी, आणि पुढचे चित्र घेण्यापूर्वी तेच चित्र नव्याने काढून पाठवावे लागते. माझ्या सातव्या आठवड्याच्या पाठमोऱ्या म्हातारीचे चित्र मी चार वेळा काढले. पहिल्या वेळी खांद्यांचा उतार चुकला होता, दुसऱ्या वेळी पाठीचा बाक मानेपासून सुरू न होता कमरेपासून सुरू झाला होता, आणि चौथ्या चित्रात ती प्रथमच थकलेली दिसली. शेडिंग तोवर केलेच नव्हते.

मधले दोन आठवडे दुसरे शिक्षक होते. त्यांनी माझ्या चित्रावर लाल रेषांनी नवे, निर्दोष चित्र काढून पाठवले, परंतु कारण लिहिले नाही. ते पाहून चूक कळली, ती का झाली हे कळले नाही. सहाध्यायींच्या गटातही बहुतेक प्रतिसाद कौतुकाचेच असतात. त्याने उत्साह वाढतो, पण दुरुस्ती होत नाही.

ज्यांना केवळ व्हिडिओ पाहायचे आहेत, त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये, कारण तेवढे शिक्षण इतरत्रही मिळते. आठवड्याला किमान सहा-सात तास देऊन एकच चित्र पुन्हा पुन्हा काढण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा आणि सोबत एकाच दिव्याच्या उजेडातील स्वतःचे संदर्भ जमवावेत. हातांसाठी येथे एकच पाठ असल्यामुळे त्यांचा सराव निराळा ठेवावा लागेल. माझ्या शेवटच्या अभिप्रायातील दोन्ही दोष हातांचेच होते आणि ते चित्र मी आता तिसऱ्यांदा काढत आहे.