‘हृदय तरुण करणारी’ इंजेक्शनं: माझ्या दादाची झालेली फसवणूक

माझा मोठा भाऊ साठी ओलांडलेला. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. एका ‘अँटी-एजिंग’ केंद्राने त्याच्या गळ्यात ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनांचं वर्षभराचं पॅकेज मारलं, तेही सगळे पैसे आगाऊ घेऊन. हृदय आणि रक्तवाहिन्यांचं वय मागे जाईल, असं त्याला सांगितलं होतं. हे कसं गळी उतरवतात ते सविस्तर लिहिते, कारण त्यांचं एकेक वाक्य सुटं तपासलं तर बहुतेक खरंच निघतं.

आधी रक्त तपासलं, आयजीएफ-१ साठी. ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमावरून मुख्यतः यकृत हा घटक तयार करतं, म्हणून त्यावरून हॉर्मोनचा अंदाज बांधतात. दादाच्या आकड्याखाली लाल रेघ आणि पुढे ‘कमतरता’ असा शेरा. तो रिपोर्ट नंतर मी नीट पाहिला. शेजारच्या रकान्यात सामान्य मर्यादा दिली होती ती विशीतल्या माणसाची! ग्रोथ हॉर्मोन तरुणपणानंतर सगळ्यांचंच उतरत जातं, दर दशकाला साधारण १४-१५ टक्क्यांनी. दादाच्या वयाच्या मर्यादेत त्याचा आकडा व्यवस्थित बसत होता. म्हणजे आजार त्याच्या शरीरात नव्हताच, तो त्या रकान्यात तयार केला होता.

मग हृदयाची भीती. मेंदूच्या तळाशी असलेली, हे हॉर्मोन बनवणारी पिच्युटरी ग्रंथी निकामी झालेल्या प्रौढांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त असतात, त्यांच्या धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि हॉर्मोन दिल्यावर कोलेस्टेरॉल सुधारतं. हे सगळं खरं आहे. पण हे रुग्ण बहुधा ग्रंथीवर गाठ, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालेले असतात. त्यांचा पुरावा धडधाकट माणसापुढे ठेवणं, याला मी सरळ लबाडी म्हणते.

माहितीपत्रकावर १९९० सालचा एक अभ्यासही ठळक छापला होता. त्यात ६१ ते ८१ वयाच्या १२ पुरुषांना सहा महिने हॉर्मोन दिलं, चरबी घटली, स्नायू वाढले. हृदयविकार टळला किंवा आयुष्य वाढलं, असं त्यात कुठेही दाखवलेलं नाही. निरोगी वृद्धांवरच्या प्रयोगांचा २००७ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दोनेक किलो चरबी कमी झाल्याचं दिसलं आणि सोबत सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणं वाढल्याचंही. ते मात्र पत्रकात नव्हतं.

हॉर्मोन जास्त झालं की काय होतं, हे तर डॉक्टरांना कधीपासून ठाऊक आहे. अ‍ॅक्रोमेगली या आजारात हृदयाचे स्नायू जाड होतात, रक्तदाब चढतो, ठोक्यांची लय बिघडते आणि उपचार न झाल्यास आयुष्य घटतं. जन्मतः ग्रोथ हॉर्मोन नसलेले उंदीर उलट जास्त जगतात. तरुण ठेवणारं म्हणून विकतात तेच हे हॉर्मोन!

दादाच्या पायांवर मोज्यांचे खोल वळ उमटू लागले. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. रात्री हात बधिर होऊन जाग यायची. केंद्राला फोन केला तर उत्तर मिळालं, “औषध लागू पडतंय, थांबवू नका.” उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसली तेव्हा मीच त्याला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे हॉर्मोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. इंजेक्शनं बंद केल्यावर सूज उतरली. साखरेवर अजून लक्ष ठेवावं लागतंय.

पैसे मागितले तर ‘परतावा नाही’ या ओळीखालची दादाची सही दाखवली आणि उरलेल्या रकमेत जिभेखाली मारायचा ‘हॉर्मोन स्प्रे’ देऊ केला. १९१ अमिनो आम्लांचं एवढं मोठं प्रथिन तोंडाच्या अस्तरातून आत जात नाही आणि गिळलं तर पोटात पचून जातं. म्हणजे एका फसवणुकीची भरपाई दुसऱ्या फसवणुकीने.

तुमच्या घरी कुणाला असा रिपोर्ट मिळाला असेल, तर पैसे देण्याआधी त्यावरची मर्यादा कोणत्या वयाची आहे ते बघा. प्रौढांतली खरी कमतरता सहसा एका रक्तचाचणीवर ठरवत नाहीत. ग्रंथीला उत्तेजना देऊन ती किती हॉर्मोन सोडते हे मोजतात. ती चाचणी केली का, असं थेट विचारा. आणि इंजेक्शनं सुरू झालीच असतील, तर रिकाम्या कुप्या फेकू नका. लेबलवरचा बॅच नंबर, पावत्या, मूळ रिपोर्ट, सगळं जपून ठेवा. आमच्या तक्रारीला सध्या त्याच कागदांचा आधार आहे.