फ्लॅट बघायला जाताना लेझर मीटर सोबत ठेवाच (बॉश जीएलएम ४०)

रिसेलचा फ्लॅट शोधत होतो म्हणून हे लेझरने अंतर मोजायचं यंत्र घेतलं, आणि पैसे शंभर टक्के वसूल. एजंट लोक सुपर बिल्टअप एरिया सांगतात, त्यात जिना, लॉबी, लिफ्ट सगळं धरलेलं असतं, आपल्याला पाहिजे असतो कार्पेट, म्हणजे घराच्या आतला वापरायचा एरिया. रेरा या घरबांधणी-विक्रीच्या कायद्यात कार्पेट म्हणजे आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, टेरेस धरायचं नाही. मीटर भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीपर्यंतचं माप लगेच स्क्रीनवर. बेडरूम ३.०५ बाय ३.३५ मीटर आली की झाले १०.२२ चौरस मीटर, त्याला १०.७६४ ने गुणलं की ११० चौरस फूट, एजंटसमोरच हिशोब क्लिअर!! रेंज ४० मीटर आहे, अचूकता साधारण दीड मिलिमीटर, एकट्याने मोजता येतं, टेपचं दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. फक्त कडक उन्हात लेझरचा ठिपका नीट दिसत नाही, त्यामुळे प्लॉटसाठी टेपच बरा. मीटर मागच्या कडेपासून मोजतंय ना ते आधी बघा, नाहीतर माप चुकतं. सुतार, फर्निचरवाल्यांनी तर डोळे झाकून घ्या.