स्टीव्हन्स घ्यावं की केरिस्क?

सी येतं, फोर्क-एक्झेक (नवी प्रोसेस काढणारा आणि तिच्यात दुसरा प्रोग्रॅम चालवणारा, असे दोन कॉल) कशाशी खातात ते माहीत आहे, सॉकेटवर छोटा-मोठा सर्व्हर लिहून झालाय आणि आता सिस्टिम प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट बोलणारे प्रोग्रॅम लिहिण्याचं, एकच जाडजूड पुस्तक टेबलावर हवंय, अशा माणसासमोर फिरून फिरून दोनच नावं येतात. एक रिचर्ड स्टीव्हन्सचं 'अ‍ॅडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग इन द युनिक्स एन्व्हायर्न्मेंट' आणि दुसरं मायकल केरिस्कचं 'द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस'. पूर्ण नावं बोलताना कोणी घेत नाही. 'स्टीव्हन्समध्ये बघ', 'केरिस्क काय म्हणतोय' असंच चालतं, म्हणून इथेही तसंच लिहितो.

रॉबर्ट लव्हचं 'लिनक्स सिस्टिम प्रोग्रॅमिंग' हे तिसरं नाव कोणीतरी सुचवतंच. वाचायला सुटसुटीत आहे, पण अडल्यावर उघडलं की नेमकं हवं तिथे आटोपतं घेतलेलं असतं. आणि 'मॅन पेजेस आहेत की, पुस्तक कशाला' असं म्हणणारेही असतात. मॅन पेज, म्हणजे सिस्टिमसोबत येणारं माहितीपान, एका सिस्टिम कॉलबद्दल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, कर्नलकडे, केलेल्या मागणीबद्दल) जवळपास सगळं सांगतं. दोन कॉल एकमेकांच्या पायात आले की काय होतं, हे कुठल्या पानावर असेल ते मात्र आधीच ठाऊक असावं लागतं. हल्ली एआयला विचारलं की उत्तर लगेच येतं, पण ते कुठल्या कर्नलवर लागू आहे हे पडताळायला हाताशी काहीतरी लागतंच. तेव्हा पुस्तक हवं हे गृहीत धरून पुढे जातो.

दोघांची जातकुळी वेगळी आहे आणि ती समजली की निम्मा निर्णय होतो. स्टीव्हन्सची पहिली आवृत्ती १९९२ची. तेव्हा त्यात थ्रेड्सवर (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांवर) प्रकरण नव्हतं, पण मोडेमवरून डायल कसं करायचं यावर एक अख्खं प्रकरण होतं! १९९९ मध्ये स्टीव्हन्स गेले. पुढे स्टीफन रागोंनी २००५ ची दुसरी आणि २०१३ ची तिसरी आवृत्ती काढली. थ्रेड्स आले, सॉकेट्सना स्वतःचं प्रकरण मिळालं, मोडेम गेला. मूळ लेखकाचा आवाज रागोंनी इतका जपलाय की सांधा कुठे आहे ते मला तरी सांगता येत नाही.

केरिस्कचं पुस्तक २०१० चं. चौसष्ट प्रकरणं, दीड हजारावर पानं. हा माणूस २००४ पासून कित्येक वर्षं लिनक्सची मॅन पेजेस सांभाळत होता, आणि ते पानोपानी जाणवतं. कुठलाही कॉल घ्या, कोणती एरर कधी येते, ही सोय लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीत आली, ती युनिक्सच्या ठरलेल्या मानकात आहे की फक्त लिनक्सची, हे सगळं तिथल्या तिथे असतं. वर्षानुवर्षं लोकांचे बग रिपोर्ट वाचलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे हे.

शिकवण्याच्या हातोटीत मात्र स्टीव्हन्स सरस आहे, हे मला मान्य करावंच लागतं. एकच उदाहरण दोघांकडे कसं येतं ते बघा. फोर्कच्या आधी प्रिंटएफ (मजकूर छापणारं सीचं फंक्शन) केलं आणि आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर ती ओळ दोनदा छापली जाते. स्टीव्हन्स आठव्या प्रकरणात एक छोटा प्रोग्रॅम देतो. त्यात आधी थेट 'राइट'ने (मध्ये काही न साठवता लिहिणाऱ्या सिस्टिम कॉलने) एक ओळ, मग प्रिंटएफने 'बिफोर फोर्क' आणि मग फोर्क. टर्मिनलवर चालवून दाखवतो, सगळं ठीक. मग तोच प्रोग्रॅम फाइलमध्ये वळवून चालवतो, आणि 'बिफोर फोर्क' दोनदा. त्यानंतर कुठे समजावायला लागतो, की टर्मिनलवर ओळ संपली की बफर (लिहायचा मजकूर तात्पुरता साठवणारी जागा) रिकामा होतो, फाइलकडे जाताना होत नाही, आणि फोर्कने त्या भरलेल्या बफरचीही प्रत मुलाकडे, म्हणजे नव्या प्रोसेसकडे, जाते. एकदा वाचलं की विसरायला होत नाही.

केरिस्ककडे हाच प्रकार पंचविसाव्या प्रकरणात आहे. तिथे प्रिंटएफने 'हॅलो वर्ल्ड' आणि मग राइटने 'चाओ'. फाइलमध्ये 'चाओ' आधी येतं आणि 'हॅलो वर्ल्ड' नंतर, तेही दोनदा. कारण थोडक्यात सांगून तो लगेच उपायांकडे वळतो. फोर्कच्या आधी एफफ्लश करा (म्हणजे बफर रिकामा करा), किंवा बफरिंगच बंद करा, किंवा मुलाने साध्या एक्झिटऐवजी अंडरस्कोरवालं, बफर न लिहिता संपणारं एक्झिट वापरावं. वाचताना स्टीव्हन्ससारखी मजा येत नाही. पण कामाच्या मध्यात अडलेल्या माणसाला हे तीन उपायच हवे असतात.

स्टीव्हन्सच्या बाजूने आणखी एक गोष्ट. शेवटच्या दोन प्रकरणांत तो एक पूर्ण डेटाबेस लायब्ररी आणि नेटवर्क प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम बांधून दाखवतो. इंडेक्स फाइल, डेटा फाइल, रेकॉर्ड लॉकिंग, सगळं एकत्र. केरिस्ककडे असं एकसंध काही नाही. त्याचे प्रोग्रॅम छोटे आणि एकेका मुद्द्यापुरते. तुम्हाला 'हे सगळं जुळून कसं चालतं' हे बघायचं असेल तर ती प्रकरणं सोडू नका, पुस्तक मित्राकडून आणून का होईना.

आता माझा निर्णय ज्यावर झाला तो मुद्दा.

आमच्याकडे एक जुनी सर्व्हिस आली होती, लिनक्सवर चालणारी. कॉन्फिगरेशन बदललं की तिला हँगअप सिग्नल पाठवायचा आणि तिने नवी फाइल वाचायची, असा साधा रिवाज. पण सिग्नल गेला की कधी नीट वाचायची, कधी सरळ मरायची. कोडमध्ये सिग्नल हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) 'एसए-रीस्टार्ट' फ्लॅग लावून बसवलेला होता, म्हणजे सिग्नलमुळे मध्येच तुटलेला कॉल आपोआप पुन्हा सुरू व्हायला हवा, अशी समजूत. मुख्य लूप 'पोल'वर, म्हणजे अनेक जोडण्यांपैकी कुठे काही आलंय का याची वाट बघणाऱ्या कॉलवर, उभा. आणि पोल उणे एक देऊन परतला की कोड त्याला प्राणांतिक चूक समजून बाहेर पडायचा. सिग्नल आला तेव्हा सर्व्हिस पोलमध्ये उभी होती की दुसरं काही करत होती, यावर सगळं अवलंबून.

तेव्हा माझ्याकडे स्टीव्हन्सच होतं. सिग्नलचं दहावं प्रकरण उघडलं, तुटलेल्या सिस्टिम कॉल्सचा विभाग काढला. तिथे ४.२ बीएसडीने आपोआप पुन्हा सुरू करणं कसं आणलं, सिस्टिम फाइव्हची (दोन्ही युनिक्सच्या जुन्या शाखा) चाल कशी वेगळी होती, कोणत्या सिस्टिमवर काय होतं याचा तक्ता, आणि पुन्हा सुरू होणाऱ्या कॉल्सची यादी, ज्यात रीड, राइट, वेट वगैरे. पोलचा पत्ता नाही. उत्तर पुस्तकात आहे हे नंतर कळलं, पण ते चौदाव्या प्रकरणात, सिलेक्ट (पोलसारखाच दुसरा कॉल) आणि पोलच्या चर्चेच्या शेपटीला. तिथे स्वच्छ लिहिलंय की पुस्तकातल्या चारही सिस्टिम्सवर हे दोन कॉल पुन्हा सुरू होत नाहीत, फ्लॅग असला तरी. आणि सोबत जुन्या एसव्हीआर-४ वर (सिस्टिम फाइव्हच्याच एका आवृत्तीवर) ते होत असत, म्हणून सावध राहा, असा सल्ला. माहिती बिनचूक. पण सिग्नलच्या प्रकरणात शोधणाऱ्याने ती चार प्रकरणं पुढे जाऊन शोधावी, आणि वर ज्या सिस्टिम्स कधी बघणारही नाही त्यांचा इतिहास वाचावा, हे माझ्या पचनी पडलं नाही.

एका सहकाऱ्याने मग केरिस्कचं एकविसावं प्रकरण उघडून दिलं. तुटलेल्या कॉल्सचा विभाग एकाच जागी. फ्लॅग लावल्यावर कोणते कॉल पुन्हा सुरू होतात याची यादी, आणि त्याखाली, फ्लॅग लावला तरी जे कधीच होत नाहीत त्यांची दुसरी यादी. त्यात पोल, सिलेक्ट, ईपोल (पोलचा फक्त लिनक्सवरचा भाऊ), सिस्टिम फाइव्हचे मेसेज आणि सेमाफोरचे कॉल, स्लीप आणि त्याची भावंडं. उत्तर समोर होतं.

ही एकच घटना असती तर सोडून दिली असती. पण नंतर लक्षात आलं की स्टीव्हन्स उघडलं की दर वेळी मला मनात एक चाळणी लावावी लागते. तिसरी आवृत्ती फ्रीबीएसडी ८.०, लिनक्स ३.२, मॅक ओएस १०.६.८ आणि सोलारिस १० या चौघांना धरून चालते. जिथे तिथे चार स्तंभांचे तक्ते. माझे सगळे सर्व्हर लिनक्सवर, म्हणजे तीन स्तंभ डोळ्यांनी पुसायचे आणि चौथा वाचायचा. वाचताना ते खपून जातं, शोधताना डोकं उठतं. आणि जे फक्त लिनक्सचं आहे, पण रोज लागतं, त्याच्या वाट्याला जागाच येत नाही. आयनोटिफाय (फाइलमधले बदल कळवणारी सोय) नाही, ईपोलला स्वतंत्र विभाग नाही. केरिस्कच्या त्रेसष्टाव्या प्रकरणात पोल, सिलेक्ट आणि ईपोल यांची मोजमापं शेजारी शेजारी आहेत. दहा हजार डिस्क्रिप्टर्सवर (उघड्या फाइल-सॉकेट्सच्या क्रमांकांवर) एक लाख वेळा नजर टाकायला पोलला ९९० सेकंद सीपीयू आणि ईपोलला ०.६६. यंत्रं आता बदलली, पण हे प्रमाण एकदा बघितलं की कशाला काय वापरायचं हे कोणाला पटवत बसावं लागत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. मॅकवर लिहून लिनक्सवर चढवणारे बरेच जण आहेत, आणि बीएसडीवर काम करणारेही असतात. त्यांना त्या तक्त्यांचा खरा उपयोग आहे. परीक्षेपुरतं किंवा मुलाखतीपुरतं समजून घ्यायचं असेल तरी स्टीव्हन्सच बरं, कारण ते वाचवतं. केरिस्क सलग वाचायचं पुस्तक नव्हेच. रेल्वेचं वेळापत्रक कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, तसं.

केरिस्कमध्ये डाचणाऱ्या गोष्टीही आहेत. वजन, एक. सिस्टिम फाइव्ह आयपीसीवर (प्रोसेसनी एकमेकींशी बोलण्याच्या जुन्या सोयींवर) चार प्रकरणं, दोन. आज नवीन कोडमध्ये ते कोण वापरतं कोण जाणे. आणि सगळ्यात मोठी, वय. पुस्तक लिनक्स २.६.३५ च्या सुमाराचं आहे आणि दुसरी आवृत्ती निघालेली नाही. युझर नेमस्पेस (कंटेनरला वेगळे युझर देणारी सोय) त्यानंतर पूर्ण झाले, मेमएफडी (फक्त मेमरीतली फाइल) नंतर आलं, आयओ-युरिंग (वाचन-लेखनाची नवी पद्धत) तर २०१९ चं. कंटेनरचं काम करणाऱ्याला क्लोनच्या (नवी प्रोसेस काढणाऱ्या लिनक्सच्या कॉलच्या) फ्लॅग्जचा ओझरता उल्लेख मिळेल, त्यापुढे नाही. गंमत म्हणजे ज्या यादीने माझं काम झालं, तीच यादी आता एका जागी जुनी झालीय. आयनोटिफायच्या डिस्क्रिप्टरवरचं रीड 'कधीच पुन्हा सुरू होत नाही' या गटात तिथे आहे, पण लिनक्स ३.८ पासून ते फ्लॅग असेल तर पुन्हा सुरू होतं. स्टीव्हन्सची तिसरी आवृत्ती तीन वर्षांनी नवी आहे हे खरं, पण या विषयांत ती काही अधिक देत नाही.

तरीही, फक्त लिनक्सवर पोट असेल तर मी केरिस्कच घ्या म्हणेन. सुवाह्यतेची, म्हणजे तोच कोड दुसऱ्या सिस्टिमवरही चालावा याची, काळजी असणाऱ्यांनाही तो वाऱ्यावर सोडत नाही. काय मानकात आहे आणि काय नाही हे जागोजागी सांगतो, फक्त चार स्तंभ न आखता. स्टीव्हन्स माझ्या कपाटात आहे, काढतोही, पण घाईत हात तिकडे जात नाही.

घेण्याबद्दल थोडं. स्टीव्हन्सची भारतीय पेपरबॅक आवृत्ती परवडण्यासारखी आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळत असेल तर आवृत्ती बघूनच पैसे द्या. मुखपृष्ठावर रागोंचं नाव नसेल तर ती १९९२ ची, मोडेमवाली. केरिस्कची छापील प्रत महाग पडते आणि बॅगेत घालून न्यायची वस्तू नव्हे. प्रकाशकाकडे कुलूप नसलेलं ई-पुस्तक मिळतं, आणि संदर्भासाठी शब्द टाकून शोधता येणं हीच खरी सोय. मी छापील घेतलं, पण वापरतो बहुतेक पीडीएफ.

दोन्ही पुस्तकांतली उदाहरणं टाइप करून थेट कंपाइल होणार नाहीत, कारण दोघांच्याही स्वतःच्या हेडर फाइल्स आहेत. आधी सोर्स कोड उतरवून घ्या. आणि केरिस्क घेतलंत तर त्याच्या साइटवर दोन पानं आहेत, एक शुद्धिपत्राचं आणि दुसरं पुस्तकानंतर बदललेल्या एपीआयचं (प्रोग्रॅमला वापरता येणाऱ्या कॉल्सचं). दुसरं पान बुकमार्क करून ठेवा. २.६.३५ नंतर काय काय आलं आणि बदललं ते पुस्तकाच्या विभागांशी जोडून तिथे नोंदलेलं आहे. एखादा नियम कोडमध्ये उतरवण्याआधी मी तिथे एक नजर टाकतो आणि मग सर्व्हरवरचं मॅन पेज बघतो.