ऑनलाइन कौटुंबिक समुपदेशन: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर, आणि लॅप्स झालेल्या सेशन्सबद्दल

गेल्या आठवड्यात कंपनीशी शेवटची वादावादी झाली. खात्यात उरलेली सेशन्स महिनाअखेरीला लॅप्स झाली. पैसे परत मिळणार नाहीत, पुढच्या महिन्यात ढकलताही येणार नाहीत. चॅटवरून तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते. अ‍ॅपचं नाव घेत नाही. महिन्याचा पॅक, व्हिडिओ कॉल, पन्नास मिनिटं, हे कसं चालतं ते वाचणाऱ्यांना माहीतच असेल.

घेतलं कशासाठी, ते आधी. आमच्या घरात लहान मुलाला जुलाब झाले की सगळ्यांचे हातपाय गळतात. मुलगा एका पावसाळ्यात आजारी पडला, साधंच पोट बिघडलं होतं. गावाहून अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दर अर्ध्या तासाला फोन. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. सकाळपर्यंत थांबू नको." मी रात्रभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसलेली. डॉक्टर म्हणाले, पोरगा ठणठणीत आहे, तुम्ही जरा झोपा. दुसरी गोष्ट धान्याची. हडपसरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी वर्षाची ज्वारी भरून ठेवते. मला स्वतःला कधी उपाशी झोपावं लागलेलं नाही. नोकरी आहे, खाली दुकान आहे. तरी डबा अर्ध्याच्या खाली गेला की पोटात गोळा येतो, आणि किड लागलेली ज्वारीसुद्धा मी निवडून निवडून दळायला देते.

समुपदेशक ताईंना पहिले पाच तारे देऊन टाकते. "बालपण कसं होतं?" असं त्यांनी विचारलं नाही. मूल आजारी पडल्यावर पहिल्या तासात घरात काय काय होतं, ते त्या विचारत राहिल्या. फोन कोण करतं? जेवण कोणाचं सुटतं? गप्प कोण होतं? मग त्यांनी तीन पिढ्यांचा तक्ता काढायला लावला. याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. मी दोन आत्या, अण्णा आणि काका अशी चार भावंडं काढली. पहिल्या तिघांमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर, आणि अण्णा नि काकांमध्ये जवळपास दहा वर्षांचं. ताईंनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे कोणी होतं का?"

मला माहीत नव्हतं. अण्णांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "काय करायचंय तुला?" आणि विषय बदलला.

मधल्या काळात अ‍ॅपचा मला राग यायला लागला, तो या मुदतीमुळे. महिन्याची चार सेशन्स महिन्यातच संपवायची. ऑफिसात क्लोजिंग असो, घरी पाहुणे असोत, मी बसायचे. एकदा अंगात ताप असताना बसले. ताई म्हणाल्या, "आज का आलात? आराम करायचा होता." मी म्हटलं, वाया गेलं असतं. मग ते सगळं सेशन या "वाया"वरच झालं. लहानपणी ताटात घास टाकला की अण्णा जेवणावरून उठून जायचे. ओरडायचे नाहीत, हातही उगारायचे नाहीत, फक्त उठून जायचे. आम्ही भावंडं न सांगता ताट पुसून खायला शिकलो. घरात बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. "तेव्हा धान्य नव्हतं, पण पाणी होतं, आता उलट झालंय," एवढं एकच वाक्य यायचं, तेही टीव्हीवर टँकरची बातमी लागली की. बाकीचं आम्ही त्या उठून जाण्यातून शिकलो होतो. त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं मुदत आहे, नाहीतर हे कधी निघालंच नसतं. तेव्हा मी अ‍ॅपला चार तारे देणार होते. त्यानंतर अण्णा आले आणि माझं मत बदललं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अण्णा पुण्याला आले होते. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, मोजकं बोलणारा. "नातवासाठी एकदा बसा," एवढ्यावर कसेबसे तयार झाले. सुरुवातीला ताईंना नुसतं "हो", "नाही". मग ताईंनी तक्ता पुढे केला आणि ती मोकळी जागा दाखवून विचारलं, "अण्णा, इथे कोणाला बसवायचं राहिलंय का?"

"चिमी," अण्णा म्हणाले.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. त्या वर्षी घरातलं सगळं संपलं आणि बाई, म्हणजे अण्णांची आई, दोन्ही मोठ्या लेकींना घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. अण्णा आठ वर्षांचे. तिसरीची शाळा सुटली. त्यांचं काम दीड वर्षाच्या चिमीला, म्हणजे धाकट्या बहिणीला, सांभाळायचं. बाभळीला झोळी बांधलेली. सुकडी वाटायला आली की रांगेत उभं राहायचं, हे दुसरं काम. एका सकाळी चिमीला हगवण लागली. बाई तीन-चार फर्लांग लांब खडीच्या ढिगावर होती. तिला बोलावलं तर मुकादम हजेरी मांडणार नाही, एवढं आठ वर्षांच्या पोराला कळत होतं. म्हणून ते संध्याकाळपर्यंत थांबले. चिमी त्याच आठवड्यात गेली. अण्णांना कोणी बोल लावला नाही, आणि नंतर तिचं नावही कोणी काढलं नाही.

"मी थांबलो," एवढंच ते दोनदा म्हणाले.

"सकाळपर्यंत थांबू नको" हे फोनवरचं वाक्य कुठून येत होतं, ते मला तेव्हा कळलं.

स्क्रीनवर पाच मिनिटं शिल्लक असल्याची लाल पट्टी आली. ताईंनी ती बाजूला सारली आणि वेळ संपल्यावरही त्या थांबल्या. त्यांनी एक माहिती दिली आणि माझ्या मते या सगळ्या महिन्यांतला सर्वांत मोठा उपचार तोच होता. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेने या पाण्याचा जगभर प्रसार सुरू केला तो १९७८ नंतर. म्हणजे आष्टीच्या त्या बाभळीखाली ही विद्या अजून पोचलीच नव्हती. बाई दुपारी धावत आली असती, तरी तिच्याही हातात काही नव्हतं. अण्णांनी हे पुन्हा सांगायला लावलं. साल विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे मोठ्यांनाबी ठाऊक नव्हतं."

मी नंतर त्या काळाबद्दल मिळेल ते वाचत गेले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही, याचं श्रेय या कामांना दिलं जातं, ते योग्यच आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिचा पुढे १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला. मागेल त्याला काम मिळणार हे कायद्यात लिहिलेलं असणं, हाही पुढच्या पिढीच्या मनाचा दवाच आहे असं मी मानते. पण त्या ५० लाखांच्या झोळ्यांपाशी बसलेली किती पोरं होती, आणि आज साठीच्या उंबरठ्यावर ती कोणाच्या घरात, कशावरून ताटावरून उठून जातात, याची मोजदाद कुठल्या हजेरीपटावर असणार?

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येते. त्या सेशननंतर अण्णा गावी गेले आणि कित्येक आठवडे या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, घाई करू नका, एवढी जुनी गोष्ट बाहेर आली की माणसाला तिच्यासोबत एकटं बसावं लागतं. जबरदस्तीने परत परत सांगायला लावलं तर उलट त्रास वाढतो. सल्ला बरोबरच होता. पण अ‍ॅपला हे कसं कळावं? महिना संपला, सेशन्स गेली. पुढचा महिना संपला, तीही गेली. सेशनला साधारण हजार रुपये पडतात. माझ्यासारख्या बाईला हे हजार-हजार जाताना दिसत होते आणि मनात यायचं, अण्णांना फोन करून म्हणावं, बसा एकदा, पैसे भरलेत. मी तो फोन केला नाही. पण कित्येक घरांतून तो होत असेल, याची मला खात्री वाटते. ज्या दुखण्याला थांबायची मुभा लागते, त्यावर मुदतीचा पॅक विकणं हे चुकीचं आहे. हे व्यायामशाळेचं शुल्क नव्हे. या एका गोष्टीसाठी मी दोन तारे कापते. कोणाला जास्त वाटले तर वाटोत.

दुसरी नाराजी त्यांच्या जाहिरातीवर. "आजोबांचा आघात तुमच्या डीएनएमध्ये आहे" असं मोठ्या अक्षरांत लिहितात. वाचून माझी बहीण रडली होती, म्हणाली, मग आता पोरांत पण उतरला असणार. याबद्दल लोकांनी नीट वाचावं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्या मुलांवर पुढे आयुष्यभर दिसणारे परिणाम नोंदले गेलेत, हे खरं आहे. पण तिथे ती मुलं स्वतःच पोटात असताना त्या उपासमारीतून गेली होती. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या मुलांवर संशोधक रेचेल येहुदा यांनी २०१६ मध्ये जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाचलेले ३२ आणि त्यांची मुलं २२ होती. एवढ्या थोड्या माणसांवरून "डीएनएमध्ये कोरलंय" म्हणता येत नाही. माणसांत अशी जनुकीय खूण पिढ्यान् पिढ्या उतरते हे अजून सिद्ध झालेलं नाही. आमच्या घरात ते कसं उतरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय: ताटावरून उठण्यातून, फोनच्या आवाजातून, एका नावाबद्दलच्या गप्पपणातून. जे असं उतरतं, ते बोलून आणि वागून अडवताही येतं. जाहिरात नेमकी हीच उमेद काढून घेते.

बाकी बारीकसारीक. मराठी बोलणारे समुपदेशक निवडले तर यादी फारच छोटी होते. रोज "आज मूड कसा?" विचारणाऱ्या सूचना मी बंद केल्या. व्हिडिओ गावच्या नेटवर्कवरही बरा चालतो, हे मान्य.

फरक काय पडला, ते विचाराल. अण्णांनी काही महिन्यांनी आपणहून काकांना चिमीबद्दल सांगितलं. काकांना पन्नाशीत कळलं की आपल्या आधी एक बहीण होती. मोठ्या आत्याला सगळं आठवत होतं, ती म्हणाली, "तू लहान होतास रे, तुला कशाला सांगायचं म्हणून आम्ही गप्प." मुलगा मध्यंतरी पुन्हा आजारी पडला. अण्णांचा फोन आलाच, पण "ओआरएस दिलं का? लघवी होतेय का? मग बरंय," एवढं विचारून त्यांनी ठेवला. मीही झोपले. ज्वारी मी अजूनही भरते, थोडी कमी. किडकी मात्र आता पाखरांना घालते. घास टाकला तर अण्णांचा चेहरा अजून बदलतो, पण ते ताटावर बसून राहतात. एवढंच झालंय, आणि आमच्यासाठी ते पुष्कळ आहे.

कोणी घ्यावं? घरात एखाद्या गोष्टीची भीती प्रसंगापेक्षा कितीतरी मोठी असेल, तर जरूर घ्या. झोप उडाली असेल, भयानक स्वप्नं पडत असतील, जीव नकोसा होत असेल, तर अ‍ॅपवर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्या प्रकारच्या आघातावर ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी) आणि आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी) या जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या पद्धती आहेत, त्या शिकलेल्या माणसाकडूनच घ्याव्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि पैशाची अडचण असेल तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

मी पॅक बंद केलाय. आता एकेका सेशनचे सुटे पैसे भरते, दीडशे रुपये जास्त पडतात. अण्णांनी स्वतः सांगितलंय की पुढचं दिवाळीनंतर, सुगीची कामं उरकल्यावर. तेव्हाच बुक करीन. कंपनीकडे मागणी एकच आहे: भरलेल्या सेशनला निदान वर्षाची मुदत द्या, आणि मधे थांबलेल्या माणसाला "तुमची सेशन्स संपत आहेत" असे मेसेज पाठवू नका.