बिनन्यूट्रलचा स्मार्ट स्विच की न्यूट्रलवाला? आधी बल्ब विझतोय का ते बघा

घरात एलईडी बल्ब आहेतच, बटणं स्मार्ट करायचं मनात आहे आणि बोर्ड उघडल्यावर न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) काही सापडत नाही, अशा ठिकाणी तुम्ही अडला असाल तर हे तुमच्यासाठी. मी दोन्ही प्रकार लावून बसलोय. ॲप, वेळापत्रक, आवाजी हुकूम यांत मला तरी दोघांत फरक जाणवला नाही, त्यामुळे ते सोडून देतो.

बिनन्यूट्रलचा मी आधी घेतला, कारण उघड आहे: भिंत फोडायची नाही, जुन्या बटणाच्या दोन वायरी काढून यात खोचायच्या. अर्ध्या तासात काम झालं. हॉलमध्ये एका बटणावर चार बल्ब आहेत, तिथे पहिल्या दिवसापासून तक्रार नाही. मग त्याच उत्साहात बेडरूममध्येही लावला. तिथे एकच ९ वॅटचा बल्ब.

रात्री दिवा बंद केला, डोळे अंधाराला सरावले, आणि छतावर काहीतरी चमकलं. वाटलं भास झाला. सात-आठ सेकंदांनी पुन्हा. बायको म्हणाली, "बल्ब खराब असेल, उद्या बदल." बदलला. दुसऱ्या कंपनीचा बल्ब चमकत नव्हता, पण विझतही नव्हता. काजव्यासारखा रात्रभर मंद तेवत राहायचा. दिवसा कोणाला दाखवायला जावं तर काही दिसायचं नाही, त्यामुळे घरात माझ्यावर विश्वास ठेवणारं फारसं कोणी नव्हतं.

दोष दोन्ही बल्बांचा नव्हता. या स्विचला स्वतः जागं राहायला वीज लागते. न्यूट्रल नसल्यामुळे ती तो बल्बातूनच ओढतो, म्हणजे दिवा बंद असतानाही थोडासा करंट वाहत असतो. जुन्या पिवळ्या बल्बाच्या तारेला त्याचं काहीच वाटत नसे. एलईडीच्या आतला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) मात्र तेवढ्यावर हळूहळू भरतो, भरला की क्षणभर उजेड पाडून रिकामा होतो, आणि पुन्हा भरायला लागतो. हॉलमध्ये तोच करंट चार बल्बांत वाटला जातो, म्हणून तिथे सगळं शांत.

यावर उपाय आहे. बल्बाला समांतर, होल्डरपाशी एक छोटा बायपास कपॅसिटर जोडायचा. बऱ्याच स्विचबरोबर तो डब्यातच येतो. मी मेन बंद करून, स्टुलावर चढून लावला. लुकलुक थांबली. पण आमच्या छतातल्या फिटिंगमध्ये तो दाबून बसवावा लागला आणि झाकण नीट लागेना. शिवाय पुढे कमी वॅटचा बल्ब लावला की पुन्हा तेच होणार का, ही धाकधूक राहिलीच. स्विचच्या कागदावर किमान किती वॅटचा लोड हवा ते छापलेलं असतं. मी ते नंतर वाचलं.

शेवटी शेजारच्या सॉकेटमधून न्यूट्रल ओढून तिथे न्यूट्रलवालं मॉड्यूल, म्हणजे बटणामागे बोर्डात बसणारी छोटी डबी, बसवलं. ते स्वतःची वीज वेगळी घेतं, आणि बंद करताना आतला रिले (विजेवर चालणारा खटका) फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतो. बल्ब विझतो म्हणजे खरोखर विझतो. भिंतीवर जुनंच बटण परत लावता आलं, त्यामुळे आईला काही नवीन शिकवावं लागलं नाही.

हेही निर्दोष नाही. दर वेळी रिलेचा टिक आवाज येतो. झोप हलकी असेल तर खटकेल. बोर्डाच्या डब्यात जागा कमी पडते, वायरी कोंबाव्या लागतात. एलईडी चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, त्यामुळे एका मॉड्यूलवर ढीगभर बल्ब टाकले तर रिलेचे पॉइंट चिकटू शकतात. आणि न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. दिसला तो न्यूट्रल जोडला तर आरसीसीबी (वीज गळती दिसली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होत राहू शकतो. इथे मात्र वायरमनला बोलवा. आला की बटण फेजवर आहे की चुकून न्यूट्रलवर, हेही त्याच्याकडून बघून घ्या. ते उलटं असेल तर साध्या बटणावरही एलईडी बल्ब तेवू शकतो.

तिसरा पर्याय म्हणून स्मार्ट बल्ब सुचवतील. वाईट नाही, पण भिंतीवरचं बटण कोणी सवयीने बंद केलं की तो साधा मेलेला बल्ब.

तेव्हा, न्यूट्रल आणायची अजिबात सोय नसेल आणि बटणावर चार-पाच बल्ब असतील तर बिनन्यूट्रलचा खुशाल घ्या, मी अडवणार नाही. झोपायच्या खोलीत एकच बल्ब असेल तर मी एक दिवस धूळ सोसून न्यूट्रल ओढून घेईन. हॉलमधला अजून बदललेला नाही. गेल्या महिन्यात तिथला एक बल्ब गेला, आता तीन आहेत. रात्री पाणी प्यायला उठलो की एकदा वर बघून घेतो.