कामावरची दुखापत: माहिती काउंटरवर घ्यावी की फोनवर?

अमेरिकेत कामावर दुखापत झाली की बिल रुग्णाच्या नेहमीच्या आरोग्य विम्याकडे नाही, मालकाच्या विमा कंपनीकडे जातं. दवाखान्याच्या काउंटरवर रुग्णाकडून फॉर्म भरून घेतला तर सही आणि ओळखपत्र जागच्या जागी मिळतं. पण मनगटाला पट्टी बांधून बसलेल्या माणसाला क्लेम नंबर (विमा दाव्याचा क्रमांक) आणि अ‍ॅडजस्टरचा, म्हणजे दावा हाताळणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाचा, फोन नंबर कुठून आठवणार? तो रकाना कोरा राहतो, बिल अडकतं. भेटीच्या आदल्या दिवशी रुग्णाला फोन केला तर दुखापतीची तारीख, अवयव, डावा की उजवा, सगळं सावकाश विचारता येतं. क्लेम नंबर अ‍ॅडजस्टरकडून पडताळूनही घेता येतो. मग सीएमएस-१५०० या विमा कंपनीला बिल पाठवायच्या फॉर्मच्या १०ए रकान्यात नोकरीशी संबंध ‘होय’ आणि १४ मध्ये तारीख बिनचूक पडते. मी ठामपणे फोनच्या बाजूची. सही तेवढी काउंटरवर घ्यावी.